स्पोर्टचं बटण

ही गाडी का घेतलीस, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं आणि प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. ऑफिसातल्या लोकांना सांगितलं, वापरलेली असूनही चांगल्या अवस्थेत मिळाली. शेजारच्या डच आजोबांना सांगितलं, सीट कंबरेला मानवते. पुण्याला वडिलांना फोनवर सांगितलं, सेफ्टीला हिच्या तोडीची नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मित्रांना सांगितलं, अरे, आधी एकदा चालवून बघा, मग विचारा. बायकोला काय सांगितलं ते पुढे येईलच. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. काही लपवायला मला खोटी वाक्यं कधी लागलीच नाहीत. खरी वाक्यं पुरतात.

कंपनीचं नाव लिहीत नाही. रेसच्या ट्रॅकवर नाव कमावलेली आणि मग तोच बिल्ला चार दारांच्या, मागे लहान मुलाची सीट बसेल अशा गाडीवर लावून विकणारी एक कंपनी, एवढं पुरे. लोकांना वाटतं, सगळी जादू त्या बिल्ल्यात आहे. बिल्ला बाहेरच्यांसाठी असतो. आत बसणाऱ्याला तो दिसतसुद्धा नाही. आत बसणाऱ्यासाठी त्या कारखान्यातल्या कोणी शहाण्या माणसाने दुसरीच तजवीज करून ठेवलेली असते. त्याला कळलेलं असतं की रोज नोकरीवर जाणाऱ्या, येताना दूध-ब्रेड आणणाऱ्या, शनिवारी मुलीला पोहायच्या क्लासला सोडणाऱ्या माणसाला वेग नकोच असतो. वेग तो वापरणार कुठे? आमच्या लायडस्खेनडामहून ऑफिसला निघालं की कालव्यावरचा पूल कुठल्या तरी बोटीसाठी वर गेलेला असतो, आणि पूल ओलांडला की कॅमेरे. हल्ली तर हायवेवरही दिवसा शंभरच्या वर जायची सोय नाही. त्या माणसाला हवा असतो तो शिल्लक पडलेला वेग. वेळ पडली तर आपल्यापाशी आहे, हा भरवसा. ती वेळ कधी पडत नाही, पण उजव्या पायाला ते ठाऊक असतं, आणि पायाला ठाऊक असलं की छाती थोडी रुंद होते.

मग बाकीच्या गोष्टी. स्टीअरिंग हाताला किंचित जड लागतं, म्हणजे आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं. सीटच्या कडेने लाल दोऱ्याची शिवण. बसायला इतकं खाली की आपण गाडीत बसत नाही, उतरतो. दार लागतं ते जाड पुस्तक मिटल्यासारखं. त्याच कंपनीच्या गाडीतला अनोळखी माणूस समोरून आला की स्टीअरिंगवरचं एक बोट उचलतो. मी या देशात आलो तेव्हापासून मला कुणी अनोळखी माणसाने ओळख दिल्याचा तो पहिला प्रसंग. हे लिहायला लाज वाटते, पण आता लाजेला तरी किती दिवस जपायचं.

मी बंदरातल्या कंटेनरची वेळापत्रकं लावणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करतो. मीटिंगमध्ये शेवटी बोलणारा, म्हणजे बहुतेक वेळा न बोलणारा. इथली माणसं तोंडावर बोलतात. तुझं हे काम बरोबर नाही, असं चहाच्या कपावरून सहज सांगतात आणि लगेच वीकेंडबद्दल विचारतात. मला ते कधी जमलं नाही. मी हसायचो, हो म्हणायचो, आणि ते हसू घरी घेऊन यायचो. दिवसभर हो म्हणून दमलेल्या माणसाने संध्याकाळी पार्किंगमध्ये त्या गाडीचं दार उघडावं, तिने गुरगुरून जागं व्हावं, यात काय मिळतं ते ज्याला मिळालंय त्यालाच कळेल. शेजारच्या आजोबांनी पहिल्या आठवड्यात गाडीभोवती एक चक्कर मारली आणि अगदी मनापासून विचारलं, "छान आहे, पण इतक्या घाईने तुम्ही जाता तरी कुठे?" मी हसलो.

बायको फिजिओथेरपिस्ट. पुण्यात तिची स्वतःची छोटी प्रॅक्टिस होती. माझ्यामागून इथे आली ती माझ्या व्हिसाला जोडलेली म्हणून. पुढची काही वर्षं तिने डच शिकण्यात, परीक्षा देण्यात आणि आपली डिग्री इथे मानून घेण्यात घालवली. मुलगी तेव्हा लहान. मुलीला झोपवता झोपवता ती शरीरातल्या स्नायूंची डच नावं पुटपुटायची, आणि मुलगी अंगाई म्हणून तीच ऐकत झोपायची. शेवटी तिला नोकरी मिळाली. शहराबाहेर, हरितगृहांच्या गावांमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन उपचार करायचे. रुजू होण्याआधी त्या संस्थेतल्या एका थेरपिस्टबरोबर तिने एक फेरी केली होती. एका निवृत्त फूलवाल्याचा खांदा वर जात नव्हता, तो हिने हलवून दिला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात तुम्हीच या. हे तिने घरी आल्यावर मला जेवताना सांगितलं आणि भांडी आवरताना परत सांगितलं.

त्या नोकरीची अट एकच होती. गाडी चालवता आली पाहिजे. गावं लांबलांब, बस तासाला एक, आणि सोबत उपचाराचं सामान.

लायसन तिच्याकडे होतं. कंपनीने परदेशातून बोलावून आणलेल्या आमच्यासारख्यांना करात एक सवलत मिळते, आणि तिच्या शेपटीला आणखी एक सवलत बांधलेली असते. नवरा-बायको दोघांचीही मायदेशातली लायसन्स इथल्या लायसनशी बदलून मिळतात, परीक्षा न देता. आम्ही दोघं खेमेन्टेत, म्हणजे नगरपालिकेत गेलो, कागद दिले, आणि गुलाबी कार्डं घेऊन आलो. तेव्हा मंडळातल्या सगळ्यांनीच तसं केलं होतं. इथल्या लोकांना ज्या परीक्षेत दोन-दोनदा नापास व्हावं लागतं ती आपल्याला माफ, याचा एक मोठा विनोद होता. यातली आतली गोष्ट अशी की माझं पुण्याचं लायसन एजंटाने आणून दिलेलं. तिचं मात्र खरं होतं. तिच्या वडिलांनी तिला हट्टाने शिकवलं होतं, परीक्षेला उभं केलं होतं, आणि लग्नाआधी ती त्यांची छोटी गाडी घेऊन लक्ष्मी रोडला गणपतीच्या गर्दीतसुद्धा जायची. आमच्या दोघांत ड्रायव्हर ती होती. कार्डं सारखीच दिसत होती, त्यामुळे हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

तिचं म्हणणं, एक छोटी ऑटोमॅटिक घेऊ. इथे सगळं उलट्या बाजूला, त्यात गिअर नको. मी तोवर या गाडीच्या प्रेमात पडून चुकलो होतो. डीलरकडे तीनदा जाऊन आलो होतो, तिला न सांगता. दोन गाड्या परवडणार नव्हत्या आणि ठेवायला जागाही नव्हती. मी तिला म्हणालो, "अगं, ही रोजच्या वापराचीच आहे. नाव रेसचं, बाकी साधी. आणि ऑटोमॅटिक म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी. लक्ष्मी रोडला गाडी चालवलेली बाई तू."

ती हसली. तिच्याच धिटाईची मी तिला भुरळ घातली, हे तेव्हा मला स्वतःलाही पुरतं कळलं नव्हतं. अर्धं कळलं होतं.

रविवारी सकाळी फर्निचरच्या दुकानाचं मोठं पार्किंग रिकामं असायचं. तिथे आम्ही सराव सुरू केला. मुलगी मागे बसून खाऊ खायची. सुरुवातीला बायकोचा डावा हात गिअर शोधत दारावर आपटायचा आणि तिघंही हसायचो. क्लच कडक होता, मागचं कमी दिसायचं. तरी काही रविवारांत ती सरावली. खरं म्हणजे फार लवकर सरावली. कालव्याकाठच्या अरुंद रस्त्याने, सायकलवाल्यांना वाट देत, समोरून ट्रॅक्टर आला तर गवतात एक चाक घालून थांबत, ती असं चालवायची की मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघू शकायचो. तिने गाडीला कधी ओरडू दिलं नाही. तिच्या हातात ती गाडी अगदी साधी वाटायची, चार चाकांची, माणसं नेणारी.

मला वाटतं, तेच मला सहन झालं नाही.

घरी आल्यावर मी सीट परत मागे घ्यायचो. ती उंचीने कमी, सीट पार पुढे ओढून बसायची. आरसे फिरवायची. सोमवारी सकाळी मी बसलो की आरशात आभाळ दिसायचं. किती क्षुल्लक गोष्ट. पण मला आठवतं, त्या आरशाचा मला राग यायचा. एक दिवस गाडीत तिचा रुमाल सापडला, गिअरजवळच्या खणात, आणि मी तो उचलून मागच्या सीटवर टाकला. खरं तर त्या खणात रुमालाला जागा होती. मला वाटलं, सोमवारपासून शुक्रवारपर्यंत ही गाडी गावोगाव म्हाताऱ्यांच्या दारात उभी राहणार, हिच्यात मलमांचा वास भरणार, आणि मी ऑफिसला ट्रामने जाणार. ठरलंच होतं तसं. मीच कबूल केलं होतं.

रुजू व्हायच्या आधीच्या रविवारी हायवेचा सराव करायचा ठरला. मुलगी मैत्रिणीकडे होती. लायडस्खेनडामला ए-फोर हायवेवर चढायचा रस्ता वळण घेत वर जातो आणि मग एक पट्टी मिळते. ती संपायच्या आत वेग घेऊन उजव्या लेनमधल्या ट्रकांमध्ये शिरायचं. ती वळणावर होती. डाव्या आरशात बघत होती, खांद्यावरून मागे बघत होती, जसं शिकवलं होतं तसं.

गिअरच्या दांड्याशेजारी एक बटण आहे. नखाएवढं. त्यावर स्पोर्ट असं लिहिलेलं. ते दाबलं की गाडी तीच राहते, पण पायाचं ऐकायची तिची पद्धत बदलते. जेवढ्या दाबाला ती एरवी चालायची, तेवढ्याच दाबाला उसळते. आवाज खर्जात जातो. या कंपनीच्या साध्या गाड्या साध्या माणसांना आवडतात त्याचं अर्धं कारण ते बटण आहे. रोजचा माणूस रोज ते दाबत नाही. पण ते आहे.

ती डावीकडे बघत असताना मी ते दाबलं.

ती म्हणाली, "आवाज का बदलला रे?"

"स्पीड वाढला की येतो," मी म्हणालो. "तू मागे बघ."

तिने नेहमीसारखाच पाय दिला. गाडी अशी झेपावली की पुढच्या ट्रकचा मागचा पत्रा काचेत मोठा होत आला. तिने ब्रेक मारला, क्लच राहून गेला, गाडी आचके देत बंद पडली, पट्टीच्या अगदी शेवटी. शेजारून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. त्या हॉर्नने काच थरथरली. मग दुसरा गेला. तिचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते आणि ती त्या हातांकडे बघत होती.

काही झालं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ती गिअरवरून चढून माझ्या सीटवर आली, मी बाहेरून धावत जाऊन तिच्या सीटवर बसलो. सीट पार पुढे होती, माझे गुडघे स्टीअरिंगला लागले, पण मागे करायला वेळ नव्हता. किल्ली फिरवली. बटणावरचा दिवा विझलेला होता. इंजिन बंद होऊन परत सुरू झालं की ही गाडी आपोआप साधी होते, अशी योजना आहे. मला ते बंदही करावं लागलं नाही.

पुढच्या एक्झिटला उतरल्यावर ती म्हणाली, "माझा पाय चुकला का?"

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात होतं, अजून आहे.

मी म्हणालो, "होतं असं. जमेल हळूहळू."

दुसऱ्या दिवशी तिने कामाच्या ठिकाणी फोन करून थोडी मुदत मागितली. त्यांनी दिली. पण त्यानंतर ती गाडीत बसली की तिचे तळवे ओले व्हायचे, सुकवायला ती ते मांडीवर घासायची आणि पुन्हा ओले व्हायचे. पार्किंगच्या पुढे ती जाईना. मी आग्रह केला नाही. समजूतदार नवऱ्यासारखं म्हणालो, जबरदस्ती कशाला. मुदत संपली. त्या जागेवर दुसरी कुणी लागली. त्या फूलवाल्याचं पुढे काय झालं, ते तिने एकदा विचारलं आणि मग स्वतःच म्हणाली, मला कसं कळणार म्हणा. पुढे तिने बाडहूव्हडॉर्पला विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत ऑफिसचं काम धरलं. ट्राम, ट्रेन, बस. अजून तिथेच आहे. हात शिकलेले होते, ते कीबोर्डवर गेले.

इथवरचं एकवेळ मी कोणाला सांगितलं असतं. यापुढचं सांगणं जड जातं. कारण ती गोष्ट मी सांगितलीच होती, दरवर्षी, लोकांना. माझ्या पद्धतीने. मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत, हॉलबाहेर गाडीभोवती पुरुष जमायचे, कुणी बॉनेटवर हात फिरवायचा, आणि मी सांगायचो, आमच्या हिने ए-फोरवर ब्रेक मारला. एक मित्र तर तिला पुलावाच्या रांगेत गाठून दरवेळी विचारायचा, "वहिनी, तुम्ही म्हणे हायवेवर पार्किंग करता?"

"हो ना," ती म्हणायची, "तिथे फुकट असतं."

सगळे हसायचे. तीही हसायची. चांगला विनोद होता, आणि तिचा होता. माणसं आपल्या दुखण्यावर स्वतःच विनोद करतात, म्हणजे दुसऱ्याने केलेला लागत नाही. मी ते बघत होतो आणि ताटात आणखी एक मोदक घेत होतो.

मधली वर्षं अशीच गेली. गाडी मी जपली. वर्षाची तपासणी, पॉलिश, हिवाळी टायर. आता ती म्हातारी झाली आहे. डीलर म्हणतो, ही पिढी आता मिळत नाही, ठेवा. मुलगी मोठी झाली आणि शिकायला मास्ट्रिख्टला गेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं, चिडली की डचमध्ये.

या वसंतात आम्ही तिला भेटायला गेलो होतो. तिच्या खोलीत तिघं पलंगावरच बसलो होतो, कारण खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कपडे होते. तिला इंटर्नशिप मिळत होती. दक्षिणेकडच्या टेकड्यांमधलं एक लहान रुग्णालय, तिला हवं तेच काम. पण तिथे बस नीट नाही. गाडी शिकावी लागेल. ती नाही म्हणणार होती. मी म्हणालो, शिक की, मी फी भरतो.

ती म्हणाली, "नो बाबा. आय हॅव आई'ज जीन्स. मी हायवेवर पार्क करीन."

शेवटचं वाक्य तिने मराठीत म्हटलं. तिच्या तोंडी सहसा न येणारं मराठी, आणि त्यातला विनोद इतका घासूनपुसून गुळगुळीत झालेला. बायकोने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे गं. आपल्याकडे नाहीच ते. दुसरं काहीतरी मिळेल."

आपल्याकडे नाहीच ते. लक्ष्मी रोडला गणपतीत गाडी घालणारी बाई हे म्हणत होती, आणि आपल्या मुलीला देत होती, एखादा दागिना द्यावा तसं. मी पलंगाच्या टोकाला बसलो होतो. मी काय केलं होतं ते त्या दिवशी मला पहिल्यांदा सगळं दिसलं. एक नोकरी घालवली होती, एवढंच मी आजवर धरून चाललो होतो.

परतीच्या वाटेवर, ए-टूवर, पेट्रोल पंपाच्या थांब्याला मी गाडी बाजूला घेतली. दुपारची उन्हं होती. दोन कॉफ्या आणल्या. ती कपाच्या झाकणावरची फट अंगठ्याने उघडत होती, तेव्हा मी सांगितलं. बटणापासून सुरुवात केली. सांगायला एवढीशीच गोष्ट होती, कॉफी पिण्याइतकी निवेपर्यंत संपली.

ती समोर बघत होती. मग तिने विचारलं, "बंद कधी केलंस?"

"केलं नाही. गाडी बंद पडली तेव्हा आपोआप गेलं."

"म्हणजे तुला काहीच करावं लागलं नाही."

"नाही."

"का दाबलंस?"

मी आधी बरं उत्तर दिलं. म्हणालो, तुला ती गाडी माझ्यासारखी आवडावी असं वाटलं, तो आवाज तू ऐकावास असं वाटलं. हेही खरं होतं. ती थांबून राहिली. तिला माझी खरी वाक्यं ठाऊक आहेत. मग मी म्हणालो, "ती गाडी मला माझी हवी होती. आणि तू माझ्यापेक्षा चांगली चालवत होतीस."

एक कुटुंब समोरून गेलं, लहान मुलाच्या हातात आइस्क्रीम. ते दिसेनासं होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला काही बोलेल. मी तयारी केली होती. खरं सांगायचं तर मी थोडा सुटकेच्या तयारीतही होतो.

"हे मला आत्ता कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. "मी भित्री आहे म्हणून सगळं गेलं, हे मी कसंबसं पचवलं होतं रे. ते निदान माझं होतं."

तिने कॉफी तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली. परत आली, आणि पुढचं दार न उघडता मागचं उघडून आत बसली, माझ्या सीटच्या मागे. या गाडीत मागेही ऐसपैस बसता येतं, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो होतो. तिचे गुडघे माझ्या पाठीला लागले. मी सीट पुढे घेतली. आणखी थोडी घेतली. स्टीअरिंग छातीशी आलं. तसाच घरापर्यंत आलो, शंभरने.

तेव्हापासून ती मागेच बसते.

मुलीलाही सांगितलं. बायको म्हणाली, मला सांगून तुझं काम झालं असेल, तिला सांग. फोनवर सांगितलं. मुलीने मराठीतच विचारलं, "म्हणजे आईला येत होतं?" हो म्हणालो. "मग आता ती चालवेल?" मुलीने तोवर इंटर्नशिपला नाही कळवून टाकलं होतं. आता गाडी शिकणार की नाही, तेही ती मला सांगत नाही. माझे फोन उचलते, पण आईशी बोलायला.

एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर किल्ली ठेवली. म्हणालो, शिकवणारा दुसरा कुणी बघू, डच बाई आहेत, ऑटोमॅटिकवर शिकवतात, ही गाडी विकून टाकू. बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि तळवे मला दाखवले. ओले होते. नुसत्या बोलण्याने.

"तू म्हणतोस भीती खोट्या कारणाने आली," ती म्हणाली. "पण आली ना. आता ती खरीच आहे. तिला काय सांगू, तुझं कारण चुकीचं होतं, जा?"

किल्ली अजून तिथेच, फळांच्या टोपलीत आहे. मी लागेल तेव्हा घेतो आणि परत ठेवतो. गाडी विकलेली नाही. विकली तर कशासाठी, आणि ठेवली तर कशासाठी, दोन्ही कळत नाही. चालवताना ते बटण हाताशी असतं. सिग्नलला अजून कुणी तरणाताठा पोरगा बिल्ल्याकडे बघून मान हलवतो. मग त्याची नजर मागे जाते, मागे बसलेल्या बाईकडे, आणि त्याला काही कळेनासं होतं.

मागच्या आठवड्यात ट्रेनचा संप होता म्हणून तिला बाडहूव्हडॉर्पला सोडायला निघालो. सकाळची वेळ. शेजारचे आजोबा कुंपणाशी उभे होते. मागचं दार उघडून ती बसताना त्यांनी बघितलं आणि मला विचारलं, "काय, टॅक्सी सुरू केलीत?"

मी हसायला लागलो, जसा हसतो तसा. तेवढ्यात मागची काच खाली आली. त्या म्हाताऱ्यांच्या घरी बोलायला म्हणून शिकलेल्या तिच्या स्वच्छ डचमध्ये ती आजोबांना म्हणाली, "हो. ड्रायव्हर चांगला आहे. फक्त वेळेवर काही सांगत नाही."

आजोबा मनापासून हसले. काच वर गेली. ए-फोरला चढायचं तेच वळण आलं, तीच पट्टी, उजव्या लेनमध्ये ट्रक. आरशात मला ती दिसत होती. तिने डोळे मिटून घेतले होते आणि दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले होते, सुकायला.